‘खड्डा भरला’ म्हणण्याआधी चेंबर उघडा

रोवणीचे दिवस आले की भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीकडच्या गावांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘संडास तुंबला, खड्डा भरला.’ मग उपसायला टँकर येतो, पैसे जातात आणि आठ दिवसांत पाणी पुन्हा भांड्यात उभं. त्यावर उपाय काय, तर पुढच्या उन्हाळ्यात खड्डा आणखी चार फूट खोल! इथे कपाळावर हात मारावासा वाटतो.

जरा हिशेब करा. स्वच्छ भारत अभियानातल्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एकेक खड्डा साधारण एक मीटर रुंद आणि तेवढाच खोल. शासनाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पाच-सहा माणसांच्या घराला तो पाच वर्षांच्या आसपास पुरतो, कारण पाणी जाळीच्या भिंतीतून जमिनीत मुरतं आणि मागे थोडा गाळ राहतो. मग दोन वर्षांपूर्वी बांधलेला खड्डा मैल्याने भरेल कसा? भरलेलं असतं ते पाणी. भंडारा हा तलावांचा जिल्हा. धानाच्या बांध्या तुडुंब असताना भूजल वर चढतं आणि त्याच जाळीतून उलटं आत शिरतं. उपसलं तरी पुन्हा तेवढंच भरणार. अशा जमिनीत खड्डा खोल करणं म्हणजे विहीर खोदणं. इथे खड्डा उथळ हवा, काठ जमिनीच्या वर उचललेला, भोवती मातीचा भराव घातलेला. आणि पिण्याच्या विहिरीपासून किमान 10 मीटर दूर.

उन्हाळ्यातही पाणी जात नसेल तर? भांडं आणि खड्डे यांच्या मधल्या चेंबरचं झाकण उचला आणि बादलीभर पाणी थेट चेंबरमध्ये ओता. सरसर गेलं तर खड्डा ठीक आहे. अडथळा भांड्यात, कोंबड्यात (भांड्याखालच्या पाणी धरणाऱ्या वाकड्या नळीत) किंवा मधल्या पाइपात आहे. तिथे बहुधा कापड, पॅड, नाहीतर गुटख्याच्या पुड्या निघतात. (हे झाकण फरशीखाली गाडून टाकणाऱ्यांना काय म्हणावं?)

काहीच अडकलेलं नसेल तर भांडं बघा. ग्रामीण भांड्याचा उतार तीव्र असतो आणि कोंबड्यात जेमतेम 20 मिलिमीटर पाणी उभं राहतं, म्हणून दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. टाइल्सच्या दुकानातून आणलेल्या गुळगुळीत शहरी भांड्याच्या कोंबड्यात 50 मिलिमीटर पाणी असतं. त्याला फ्लशच्या टाकीचा जोर लागतो. तांब्याभर पाण्याने ते साफ होत नाही, त्यात खड्ड्याची काय चूक? पाइपालाही पंधरा फुटांमागे निदान एक फूट उतार हवा.

अडथळा काढायला ॲसिड ओतू नका; त्याने चिंधी विरघळत नाही. वर ब्लीचिंग पावडर पडली तर विषारी क्लोरीन वायू मात्र नक्की सुटतो. गॅस पाइप बसवूनही उपयोग नाही; तो सेप्टिक टँकला लागतो, शोषखड्ड्याला नाही. तिथला वायू मातीत शोषला जातो. आणि एका वेळी एकच खड्डा वापरा; दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवले तर दोन्ही एकदम भरतात.

राहिला उपशाचा किळस. फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत तेव्हाचे केंद्रीय स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी हाताने खत बाहेर काढलं. दोन वर्षं बंद राहिलेल्या खड्ड्यात मातीसारखं कोरडं, बिनवासाचं खत उरतं. ती दोन वर्षं मिळावीत म्हणून तर दुसरा खड्डा असतो.