इसार देण्यापूर्वी सातबाऱ्याच्या मागे पाहा

तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. धानाच्या बांध्या, खाणीची जागा आणि जंगल ही तिन्ही येथे एकमेकांच्या धुऱ्याला धुरा लावून आहेत. खाणीतून निवृत्त झालेला कामगार भविष्य निर्वाह निधीचे पैसे घेऊन दोन एकर वावर पाहायला निघतो. एखादा कास्तकार मुलीच्या लग्नासाठी वावर विकायला काढतो. चहाच्या टपरीवर भाव ठरतो, इसार दिला जातो, आणि मग कोणीतरी विचारतो, "पटवाऱ्याकडे जाऊन पाहिलं का?" हा प्रश्न इसारापूर्वी पडायला हवा.

बहुतेक खरेदीदार सातबारा पाहून निश्चिंत होतात. "सातबारा त्याच्या नावानं आहे, म्हणजे जमीन त्याचीच ना?" असे ते विचारतात. तसे असेलच असे नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. मालकी येते ती विक्रीपत्राने, वाटणीने, वारसाने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. तेव्हा विकणाऱ्याला सरळ विचारावे, "भाऊ, हे वावर तुमच्याकडे आलं कसं?" सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. त्यांच्या नकला काढून एकेक मागे वाचत जावे. दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक २ चा तीस वर्षांचा शोध वकील घेतात, तो खर्च वाचवू नये.

आपल्या भागात मात्र आणखी मागे जावे लागते. येथे पूर्वी मालगुजारी होती. ती १९५१ साली संपली आणि मालगुजाराची पडीक, तलाव, झुडपे शासनाकडे गेली. गुरे चारणे, सरपण आणणे, रस्ता, पाणी असे गावकऱ्यांचे जे हक्क होते ते निस्तार पत्रकात लिहिले गेले. म्हणून १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि गावचे निस्तार पत्रक या दोन्ही कागदांच्या नकला काढाव्यात. आज "आमची तीस वर्षांची वहिवाट आहे" म्हणून दाखवला जाणारा तुकडा त्या कागदात गुरचरण किंवा झुडपी जंगल म्हणून निघाला, तर वहिवाट कितीही जुनी असली तरी विकणाऱ्याजवळ विकण्यासारखे काही नाही.

झुडपी जंगलाचा विषय तर आता अधिकच कडक झाला आहे. भंडाऱ्यासह पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी या कायद्याने वनच आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्यांना रीतसर वाटप झाले त्यांच्यासाठी केंद्राच्या मंजुरीची वाट ठेवली आहे. त्यानंतरच्या वाटपाची मात्र कसून तपासणी होणार. स्टॅम्प पेपरवर झुडपी विकत घेणारा यातल्या कशातच बसत नाही. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टादेखील विकता येत नाही, तो फक्त वारसाला जातो. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' लिहिले असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा विषय आधी काढावा, भावाचा नंतर.

चिखल्याच्या परिसरात आणखी एक प्रश्न हमखास येतो: "खाली मँगनीज लागलं तर आपलं नशीब उघडेल का?" नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे जमिनीखालचे खनिज शासनाचे असते. जमीन देतानाच खनिजाचा हक्क दिला असेल तर गोष्ट वेगळी. मालकाला मिळते ती खाणपट्टेदाराने जमिनीचा वापर केल्याबद्दलची भरपाई. खनिजाच्या आशेने कोणी चढा भाव सांगत असेल तर त्या आशेचे पैसे देऊ नयेत. उलट हा गट खाणपट्ट्यात येतो काय, ते जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

जमीन आदिवासीची असेल तर बिगर-आदिवासीने तेथेच थांबावे. संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे अशा विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची आणि त्याआधी राज्य शासनाची मंजुरी लागते. १९७४ पासून हे बंधन आहे. तरीही नोकराच्या नावाने घेणे, नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा करणे असे मार्ग सुचवणारे दलाल असतातच. दलाल आपली दलाली घेऊन मोकळा होतो. जमीन पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने काढून घेतली गेली की पैसे बुडतात ते खरेदीदाराचे.

आता इसाराकडे वळू. पूर्वी शंभराच्या आणि २०२४ पासून पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा होतो, दोन साक्षीदार सही करतात, बांधीत नांगर घातला जातो, आणि घेणारा स्वतःला मालक समजू लागतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या कराराने जमिनीत कोणताही हक्क तयार होत नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत विक्रीपत्रानेच होते. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे. नोटरीने केलेला कागद पक्का, हा समज गावोगाव इतका रुजला आहे की शिकलेली माणसेही त्याला बळी पडतात. आममुखत्यारपत्रावरच्या खरेदीचेही तेच. त्याने मालकी मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे.

ताबा दिला असेल तर तो करार नोंदवलेलाच हवा. २००१ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी नसलेल्या अशा कराराच्या आधारे ताबा राखण्याचे संरक्षण मिळत नाही. ताब्यासह केलेल्या करारावर मुद्रांक शुल्कही विक्रीपत्राइतकेच पडते, म्हणजे पैसा वाचतो हाही भ्रमच. विकणारा टाळाटाळ करू लागला तर विक्रीपत्र करून घेण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. ठरलेली तारीख असेल तर तेथून, नसेल तर त्याने नकार दिल्याचे कळले तेथून ती मोजतात. "पाहू, पुढच्या धानाला करू" म्हणत ही वर्षे कशी सरतात ते कळत नाही. इसार धनादेशाने किंवा बँकेतूनच द्यावा आणि करारात गट क्रमांक, चतुःसीमा व विक्रीपत्राची तारीख लिहावी.

बहिणींचे काय? हा प्रश्न भाऊ लोक हळू आवाजात विचारतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वडिलांच्या हिश्श्यात मुलीला वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलासारखा जन्मतः हक्क मिळाला. त्यासाठी वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे असली तरी बहिणींच्या सह्या घ्याव्यात, नाहीतर त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे. "ती काही म्हणणार नाही" हा कायद्याचा आधार नव्हे.

'इतर अधिकार' या रकान्यात सेवा सहकारी सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसला तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि बोजा कमी केल्याचा फेरफार दोन्ही पाहावेत. ज्याच्या नावाने शेतीच नाही, त्याला विदर्भाच्या १९५८ च्या कूळ कायद्याच्या कलम ८९ मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. खाण कामगाराचे वडिलांच्या शेतीत नाव असेल तर तो सातबारा जोडावा. दोन-चार गुंठे तोडून घेण्याआधी तुकडेबंदीचे प्रमाणक्षेत्र तहसील कार्यालयात विचारावे. आणि मोजणी करून घ्यावी. बांधीचा धुरा दरवर्षी थोडा सरकतो हे कास्तकाराला सांगायला नको.

विक्रीपत्रावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीसाठी द्यावे लागते. नोंदणी झाली की त्याची खबर ऑनलाइन पटवाऱ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जाते आणि फेरफार धरला जातो. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. ही नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही दिसते, तेव्हा शेजारच्या गटाची नोटीसही अधूनमधून पाहत जावी. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. निकाल विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि त्याची मुदत साठ दिवसांची आहे. म्हणून आदेशाची प्रत हाती पडताच त्यावर तारीख टाकून ठेवावी.