परतीचा पाऊस, पहिली थंडी आणि कोरडे दिवस



वैशाखाचे ऊन आत्ता कोठे उतरते आहे आणि आपणांपैकी पुष्कळांनी हातातील कार्यक्रमपत्रिकेचा पंखा केलेला मला येथून दिसतो आहे. अशा वेळी आश्विन-कार्तिकातल्या पावसाविषयी आणि थंडीविषयी बोलणे म्हणजे उपवासाच्या दिवशी पंगतीचे वर्णन करण्यासारखे आहे. तथापि हा विषय याच दिवसांत बोलण्याचा आहे, असे माझे मत आहे. त्याचे कारण व्याख्यानाच्या अखेरीस येईल.

आपल्यामध्ये हवामानाच्या हौशी लोकांची एक लहानशी जात आहे. गणपती पोहोचवून झाले की या मंडळींचे लक्ष जमिनीवर राहत नाही. दुपारी पूर्वेकडे ढग चढू लागले की ते गच्चीवर जातात. पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटले, की उठून आधी तापमापक पाहतात. पूर्वी वर्तमानपत्रातील हवामानाचा रकाना हे त्यांचे नित्यपठण होते. आता उपग्रहाची चित्रे खिशातल्या फोनवर दर अर्ध्या तासाने दिसतात, म्हणून पठणाचा वेग वाढला आहे इतकेच. त्यांना वाट असते दोन पाहुण्यांची. एक परतीचा पाऊस, दुसरी पहिली थंडी. हे दोघे कोठून व कसे येतात हे आधी पाहू, आणि मग वाट पाहणाऱ्याने काय करावे याकडे वळू.

'परतीचा पाऊस' या नावाने थोडा घोटाळा होतो. जूनमध्ये आलेले ढगच पाठ फिरवून जाताना पुन्हा बरसतात, अशी समजूत त्यावरून होते. वस्तुस्थिती अशी की, सप्टेंबरच्या उत्तरार्धात वायव्य राजस्थानात जमिनीलगतचे वारे दिशा बदलतात, हवेतली आर्द्रता घटते आणि सलग पाच दिवस पाऊस पडत नाही. तेव्हा मोसमी पावसाची माघार सुरू झाली असे हवामानखाते जाहीर करते. २०२० सालापासून या माघारीची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर धरली जाते आणि १५ ऑक्टोबरपर्यंत ती देशभर पुरी होते असे मानतात. महाराष्ट्राची पाळी साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात येते.

या मधल्या काळात आपल्याकडे हवेची स्थिती मोठी चमत्कारिक असते. पश्चिमेचा जोरकस वारा पडलेला असतो. आकाश निवळल्यामुळे ऊन कडक लागते आणि जमीन तर अजून ओली असते. त्या ओलीची वाफ होऊन हवा दमट होते. सकाळी निरभ्र, दुपारी उकाडा, चारच्या सुमारास काळा डोंगरासारखा ढग आणि संध्याकाळी विजांसह एक तासाची झड, हा त्या दिवसांचा क्रम. आषाढातला पाऊस पश्चिमेकडून येतो, सह्याद्रीवर कोसळतो आणि पूर्वेकडे जाता जाता रोडावतो. हा पाऊस मात्र पुष्कळदा पूर्वेकडून येतो. सोलापूर, सांगलीचा पूर्वभाग, मराठवाडा, म्हणजे ज्या मुलखाला आषाढात पाठ दाखवली जाते, त्या मुलखाचा वाटा त्यात मोठा असतो.

यात बंगालच्या उपसागराचाही हात आहे. तेथे उठणारे कमी दाबाचे क्षेत्र कधी कधी जमिनीवरून थेट आपल्यापर्यंत चाल करून येते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी असाच एक तीव्र पट्टा आंध्रात काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला. त्याने हैदराबादेत हाहाकार केला, सोलापूर-पंढरपूर भाग पाण्याखाली घातला, पुण्याला रात्रभर झोडपले आणि तो पुढे अरबी समुद्रात उतरला. दाराशी आलेला पाहुणा घरात शिरून भिंती पाडतो, तो असा.

आपल्या पूर्वजांनी या पावसाला नक्षत्रांची नावे दिली. सूर्य उत्तरा नक्षत्रात शिरतो १३ सप्टेंबरच्या सुमारास, हस्तात २७ सप्टेंबरच्या, चित्रात १० ऑक्टोबरच्या आणि स्वातीत २४ ऑक्टोबरच्या. हस्ताच्या पावसाला खेड्यात 'हत्तीचा पाऊस' म्हणतात आणि याच दिवसांत मुली पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरतात. नक्षत्र पाऊस पाडीत नाही हे उघड आहे. पण नक्षत्र म्हणजे सूर्याच्या वाटेवरची खूण, आणि ऋतूही सूर्यावरच अवलंबून. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तेरा-चौदा दिवसांचे एक सोयीचे कोष्टकच होय.

आता दुसऱ्या पाहुण्याकडे वळू. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक शरद ऋतूत ज्याची वाट पाहतात, त्याला ते थंड हवेची आघाडी म्हणतात. 'आघाडी' हा शब्द रणांगणावरचा आहे आणि तो तेथूनच आला. पहिल्या महायुद्धात नॉर्वेला ब्रिटनकडून मिळणारी हवामानाची वृत्ते बंद झाली. देशात अन्नाची टंचाई होती. त्या वेळी बर्गेन या किनाऱ्यावरच्या गावी व्हिल्हेल्म ब्येर्कनेस या शास्त्रज्ञाने १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम नॉर्वेभर निरीक्षणाची ठाणी दाट पसरली. बाहेरची वृत्ते येत नाहीत, तर आपल्याच मुलखात जवळजवळ ठाणी मांडावीत, असा तो विचार. त्या दाट नोंदींतून त्याचा मुलगा याकोब आणि त्याचे सहकारी यांच्या ध्यानात आले की, थंड व उष्ण हवा एकमेकींत हळूहळू मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये एक रेषा असते आणि त्या रेषेवरच वादळे होतात. समोरासमोर उभ्या ठाकलेल्या सैन्यांची चित्रे लोकांच्या डोळ्यांपुढे ताजी होती. म्हणून त्या रेषेला आघाडी हे नाव पडले.

थंड हवा जड असते. ती पाचरीसारखी उष्ण हवेखाली शिरते आणि उष्ण हवेला वर उचलून फेकते. वर गेलेली हवा थंडावून तिचे उंच ढग होतात. मग रेषेवर पाऊस, वाऱ्याला एकाएकी वळण आणि रेषा ओलांडून गेल्यावर तास-दोन तासांत थंडी.

असे आपल्याकडे का घडत नाही? उत्तर असे की, ही सेना आपल्यापर्यंत पोचते, पण थकून पोचते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे वातावरणातील पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकतात. त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे गार वारे राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशावरून खाली उतरतात. वाटेत जमिनीवर ते तापत जातात, पाचरीची धार बोथट होते, आणि महाराष्ट्रात पोचेपर्यंत पाऊस नाही की गडगडाट नाही, केवळ एका सकाळी ओठ फुटू लागतात. उत्तरेचे वारे आले हे कळते ते असे. तितक्यात उपसागरात पुन्हा कमी दाब झाला, तर पूर्वेचे दमट वारे येतात, ढग पांघरूण घालतात आणि दोन दिवसांची थंडी पळून जाते. नोव्हेंबरात थंडी 'येते आणि जाते' असे आपण म्हणतो, त्याचे मर्म हेच.

वाऱ्याखेरीज थंडीला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे निरभ्र रात्र. रात्री जमीन आपली उष्णता आकाशात टाकीत असते. ढग नसले, हवा कोरडी असली आणि वारा पडलेला असला, की ती उष्णता बिनदिक्कत निघून जाते. मग गार झालेली जड हवा उतारावरून ओघळून सखल जागी साचते. म्हणूनच तेराशे मीटरांहून अधिक उंचीवरच्या महाबळेश्वरपेक्षा नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला पहाटे अधिक थंडी असल्याचे आपण वारंवार वाचतो. आणि खुद्द महाबळेश्वरातही बाजारपेठेत नव्हे, तर वेण्णा तलावाकाठच्या सखल भागात दव गोठते.

येथपर्यंत शास्त्र झाले. आता खरा प्रश्न असा की, ही वाट पाहण्यात कोणाचे काय पणाला लागलेले असते?

शहरातल्या हौशी माणसाला पाऊस आला तर आनंद, नाही आला तर हळहळ. यापलीकडे त्याचे काही जात नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या ज्वारीवाल्याचे तसे नाही. त्याची रब्बीची ज्वारी उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरली जाते आणि पुढे पाऊस न पडताही त्याच ओलीवर पोसते. त्याला हा पाऊस हवाच आहे. त्याच वेळी नाशिकच्या द्राक्षबागाइतदाराने छाटणी उरकलेली असते आणि वेलीवर कोवळी फूट असते. त्या फुटीवर पाऊस पडला की केवडा रोग येतो आणि औषधाच्या फवारण्या करता करता तो जेरीस येतो. मराठवाड्यात सोयाबीनच्या गंजी उघड्यावर असतात, विदर्भात कापसाची बोंडे फुटलेली असतात, कोकणात कापलेले भात आडवे पडलेले असते. एकच सर एकाचे घर वसवते आणि दुसऱ्याच्या तोंडचा घास काढते. थंडीचेही तेच. गहू-हरभऱ्याला आणि कोकणच्या आंब्याच्या मोहोराला ती हवी. अंगावर पुरेसे पांघरूण नसलेल्याला ती नको.

म्हणून वाट पाहणाऱ्याने प्रथम आपल्या इच्छेपासून सावध राहिले पाहिजे. इच्छा डोळ्यांत शिरली की दहा दिवसांनंतरच्या अंदाजात दिसणारे चक्रीवादळ खरे वाटू लागते आणि त्याची बातमी गावभर होते. एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले की, वातावरणाच्या गणितात सुरुवातीची सूक्ष्म चूक वाढत वाढत सारे चित्र पालटून टाकते. रोजच्या हवेचा तपशीलवार अंदाज सुमारे दोन आठवड्यांपलीकडे जाऊ शकत नाही, असे आज मानले जाते. तीन दिवसांच्या अंदाजावर काम आखावे. दहाव्या दिवसाचा अंदाज पाहावा, पण त्यावर पैज लावू नये आणि दुसऱ्याला तर मुळीच लावायला सांगू नये.

मग हौशी माणसाने करावे काय? त्याने मोजावे. ही परंपरा आपली जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारासमोर हातभर रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितले आहे. अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत २३, आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात, अमित, असे आकडे तेथे आहेत. इतकेच नव्हे, तर एकूण पावसापैकी एक तृतीयांश पहिल्या व शेवटच्या महिन्यांत मिळून आणि दोन तृतीयांश मधल्या दोन महिन्यांत पडावा, तो चांगला, असेही तो ग्रंथ सांगतो. म्हणजे पाऊस किती याइतकेच तो केव्हा, हेही त्याला महत्त्वाचे वाटते. अलीकडच्या काळात इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स याने १८६० साली १६८ ठिकाणच्या नोंदी जमवून एक पुस्तिका काढली. १९०० साली तो वारला तेव्हा त्याला रोजचा पाऊस मोजून कळवणारे स्वयंसेवक तीन हजारांहून अधिक झाले होते. ते पगारी नोकर नव्हते. तुमच्या-आमच्यासारखे हौशी लोकच होते.

या बाबतीत मी स्वतः केलेली चूक सांगतो. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे मंगळवेढ्याकडे होतो. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून मी वही लिहीत असे. वही मोठी देखणी होती. मात्र तीत फक्त पावसाचे दिवस होते. कोरड्या दिवशी लिहायचे काय, म्हणून ती घरे मी मोकळी सोडली होती. एका वर्षी आमच्या घरमालकांची ज्वारी उत्तराच्या ओलीवर उगवली आणि पुढच्या उघडिपीत करपून गेली. बियाणे गेले, मजुरी गेली. पुढच्या वर्षी उत्तरावर पेरावे की हस्ताची वाट पाहावी, हे ठरवायला ते माझ्याकडे आले. मी मोठ्या उत्साहाने हस्तातल्या सरींचे आकडे वाचू लागलो. ते म्हणाले, "गुरुजी, पाऊस किती पडला ते मला बी ठावं हाय. मधी किती दिस कोरडं गेलं, तेवढं सांगा."

वहीला ते सांगता येईना. मोकळे घर म्हणजे त्या दिवशी पाऊस नव्हता, की मी सुटीत गावी गेलो होतो, हे माझे मलाच आठवेना. पाच वर्षांच्या वहीचा त्या माणसाला काडीचा उपयोग झाला नाही. त्यांनी आपल्या अंदाजानेच पेरले. त्या दिवसापासून मी शून्य लिहू लागलो. पावसाची वाट पाहणाऱ्याला शून्य लिहिणे जिवावर येते. पण वहीची किंमत त्या शून्यांवरच ठरते.

आता आरंभी दिलेल्या वचनाकडे येतो. आजच हे व्याख्यान का? कारण मृग नक्षत्र लागायला थोडेच दिवस उरले आहेत आणि आश्विनाची वही आश्विनात सुरू करून भागत नाही. सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्या रुंदीचा एक डबा घ्या. घरापासून आणि झाडापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर तो सपाट ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने मिलिमीटर मोजा आणि पाणी ओतून टाका. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एका हेक्टरवर दहा हजार लिटर. तापमापक सावलीत, छातीइतक्या उंचीवर, वारा खेळेल असा ठेवा. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगतो. नक्षत्राचे नाव लिहायचे असेल तर जरूर लिहा, पण तारीख आधी लिहा. आपण गावी गेलात तर तसे लिहा. आणि पाऊस पडला नाही, त्या दिवशी शून्य लिहा.