लाइट परत येताना घर सुरक्षित आहे का?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगड किनाऱ्यावर धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने विजेचे खांब आडवे केले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी सगळे विचारतात, लाइट कधी येणार? आम्ही विचारतो, लाइट येईल तेव्हा घराची स्थिती काय असेल?

वीज गेली तेव्हा इस्त्री किंवा शेगडीचे बटण चालूच राहिलेले असू शकते. पत्रे उडालेल्या घरात बोर्ड भिजलेला असतो. घरी कोणी नसताना पुरवठा सुरू झाला, तर आगीचा धोका तिथेच असतो. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर कारण कळलेल्या आगींपैकी सुमारे ६० टक्के विजेशी संबंधित होत्या. त्यांतल्या बऱ्याच वीज परत आल्यावर लागल्या. म्हणून तिथे धक्का ओळखून मेन बंद करणारे ब्रेकर आले. काही ब्रेकर आधी इशारा देतात आणि सुमारे ३ मिनिटांनी वीज तोडतात, म्हणजे उजेडात बाहेर पडता येते.

आपल्याकडे रिले असलेला धुराचा अलार्म मेन एमसीबीच्या शंट ट्रिपला जोडून असेच करता येते. अलार्म वाजला की एमसीबी पडतो आणि माणसाने वर केल्याशिवाय चढत नाही. खरे संरक्षण यातच आहे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. इन्व्हर्टरची लाइनही सोबत तुटली पाहिजे, नाहीतर मेन पडताच तो घरात वीज चालू ठेवतो.

गॅसगळतीचे मात्र वेगळे आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि बटणाच्या ठिणगीनेही पेटू शकतो. त्या खोलीतले कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि वीज बाहेरच्या मीटरपेटीतून तोडावी.

वादळाचा इशारा मोबाइलवर येतो, पण तो एमसीबी पाडत नाही. ते आपणच करायचे. शाळेत किंवा विहारात आसऱ्याला निघताना मेन बंद करावा. पाणी बोर्डापर्यंत चढले असेल तर हात न लावता महावितरणला कळवावे. परतल्यावर वायरिंग तपासून मगच मेन चढवावा.

वस्तीत एकटे राहणारे वृद्ध असतात. त्यांच्या घरचा मेन कोण बंद करणार, हे पावसाळ्याआधी विहारातल्या बैठकीत नावानिशी ठरवावे. याला एक पैसाही लागत नाही.