गल्लीतला वेग कमी करायचाय? मागणी कुठे आणि कशी करावी

सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो, सगळे तावातावाने बोलतात आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, "एक स्पीडब्रेकर टाकून घेऊ." मग कुणाच्या तरी ओळखीने रातोरात डांबराचा एक उंचवटा उभा राहतो. त्याला ना रंग, ना फलक. पहिल्याच पावसात त्याच्या कडेला पाणी साचतं आणि दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती उडून पडते. हे टाळायचं तर रीतसर मागणी करायला हवी.

रस्ता नेमका कोणाचा?

अनेक अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात वस्तीतले अंतर्गत रस्ते ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेचे असतात. कल्याण-शिळ रस्ता रस्ते विकास महामंडळाकडे, तर मुंबई-नाशिक महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. डोंबिवलीच्या एमआयडीसी भागात राहत असाल, तर तुमचा रस्ता एमआयडीसीकडे आहे की पालिकेकडे, हे आधी विचारून घ्या.

पालिकेच्या रस्त्यासाठी अर्ज ठाण्यात प्रभाग समितीच्या, कल्याण-डोंबिवलीत प्रभाग क्षेत्राच्या कार्यालयात द्यावा. तो बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावे असावा. एक प्रत वाहतूक पोलिसांच्या स्थानिक उपशाखेत द्या. ठाणे पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत एकच आहे. गतिरोधक, एकेरी वाहतूक, नो पार्किंग अशा गोष्टींत तिच्या अभिप्रायाला वजन असतं. दोन्ही प्रतींवर आवक क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नका. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो.

वेग मोजून दाखवा

"गाड्या फार जोरात जातात" या वाक्याने फाइल हलत नाही. रस्त्याच्या कडेला टेपने 50 मीटर मोजा, दोन्ही टोकांना खडूने खूण करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. गाडीने हे अंतर 6 सेकंदांत कापलं तर वेग ताशी 30 किलोमीटर, साडेचार सेकंदांत कापलं तर 40 आणि 3.6 सेकंदांत कापलं तर 50. शाळा भरताना, संध्याकाळी आणि रात्री उशिरा अशा तीन वेळांच्या नोंदी तक्त्यात मांडा. फूटपाथवर उभं राहूनच मोजा, मुलांना या कामाला लावू नका.

ताशी 30 हा आकडा महत्त्वाचा आहे. जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकाच रस्त्यावर येतात, तिथे वेगमर्यादा 30 असावी, असं 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. आपल्या गल्ल्या त्याच प्रकारच्या आहेत.

गतिरोधकच हवा का?

माझं मत स्पष्ट आहे : अर्जात उपाय नव्हे, अडचण लिहा. वळणावर उभ्या गाड्यांमुळे समोरचं दिसत नसेल, तर तिथे नो पार्किंग पुरेसं होईल. चौकाचा कोपरा फार पसरट असेल, तर तो आवळून फूटपाथ पुढे आणता येतो. मग वळणाऱ्या रिक्षाला वेग कमी करावाच लागतो. शाळेसमोर फूटपाथच्या उंचीचं झेब्रा क्रॉसिंग करता येतं. पुसलेले पट्टे रंगवणं आणि बंद दिवा सुरू करणं ही तर सर्वांत स्वस्त कामं.

गतिरोधक लागणारच असेल, तर भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी 99 या मानकाचा उल्लेख करा. त्यातला गोल माथ्याचा गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. त्यावरून ताशी 25 च्या आसपास गाडी सुखाने जाते. त्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि 40 मीटर अलीकडे सूचनाफलक हवा. गल्लीतले अरुंद, टोकदार उंचवटे या मापात बसत नाहीत. रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला आणि टीएमटी बसच्या मागच्या बाकावरच्या आजीला त्यांचा त्रास रोज होतो. राष्ट्रीय महामार्गावर तर गतिरोधकाची मागणी करूच नये.

पाहणी आणि पाठपुरावा

अभियंता आणि वाहतूक पोलीस यांची संयुक्त पाहणी मागून घ्या आणि त्या वेळी हजर राहा. दुकानदार, रिक्षा स्टँडवाले आणि समोरची सोसायटी यांच्याशी आधीच बोललेलं बरं, नाहीतर तिथेच वाद सुरू होतो. अर्जावर शेजारच्या सोसायट्यांच्या आणि शाळेच्या सह्या असाव्यात. नगरसेवकाचं पत्र जोडलं तर निधीचा प्रश्न लवकर सुटतो.

उत्तर आलं नाही, तर 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार नोंदवा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर करता येतो; त्याचं उत्तर 30 दिवसांत मिळायला हवं. "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली?" एवढंच विचारा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांपर्यंतचा असावा लागतो. जागा वारंवार अपघातांची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही लिहा.

पावसाळ्यात डांबराची कामं थांबतात आणि पालिकेचा नवा अर्थसंकल्प एप्रिलपासून लागू होतो. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी काम व्हायला हवं असेल, तर दिवाळी उरकली की अर्ज टाका.