आधी आलेले, मागून येणारे

स्थलांतरितांवरची कादंबरी हालअपेष्टांत सुरू होणार आणि नव्या देशात मार्गी लागण्यावर संपणार, हे वाचक धरूनच चालतो. डोमिनिकन-अमेरिकन लेखिका ज्युलिया अल्वारेझ यांनी १९९१ सालच्या पहिल्याच कादंबरीत हा प्रवास उलटा लिहिला. ‘हाउ द गार्सिया गर्ल्स लॉस्ट देअर ॲक्सेंट्स’ चार बहिणींच्या प्रौढ वयात उघडते आणि मागे सरकत मायदेशातल्या बालपणाशी थांबते. अल्वारेझ जन्मल्या न्यूयॉर्कमध्ये, १९५० साली. वाढल्या मात्र डोमिनिकन रिपब्लिकमध्ये. हुकूमशहा त्रुहियोविरुद्धच्या कटात वडील सामील होते, म्हणून १९६० साली कुटुंबाला देश सोडावा लागला. काही महिन्यांतच, २५ नोव्हेंबरला, राजवटीला विरोध करणाऱ्या तीन मिराबाल बहिणींचा खून झाला. त्यांच्यावरची ‘इन द टाइम ऑफ द बटरफ्लाइज’ (१९९४) खूप गाजली. पण स्थलांतराबद्दल अल्वारेझ यांना जे म्हणायचे आहे, ते मला नंतरच्या, कमी गाजलेल्या पुस्तकांत अधिक स्पष्ट दिसते.

आक्षेप असा घेता येईल, की डॉक्टरची मुलगी, घरात नोकरचाकर, जन्मच अमेरिकेतला. हिने कसले स्थलांतरितांचे दुःख सांगावे? आक्षेप रास्त आहे, पण पहिल्याच कादंबरीतली मोलकरीण चुचा विसरून चालणार नाही. १९३७ साली त्रुहियोने हैतीच्या लोकांची कत्तल घडवली, तेव्हा जीव वाचवायला ती या बड्या घराच्या आश्रयाला आलेली असते. म्हणजे कादंबरीतले कुटुंब देशोधडीला लागण्यापूर्वी आश्रयदाते होते. आश्रय देणाऱ्याची ही बाजू पुढे अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात पक्की झाली. तिथल्या मिडलबरी कॉलेजात अल्वारेझ यांनी अनेक वर्षे शिकवले. आसपासचे गोठे मेक्सिकन मजुरांवर चालतात. शेतमजुरांचा एच-२ए व्हिसा हंगामी कामापुरता. गाय तर बारा महिने दूध देते, तेव्हा हे मजूर बहुधा कागदपत्रांविनाच राबतात. कायद्याने नाकारलेली आणि धंद्याला हवी असलेली ही माणसे ‘रिटर्न टू सेंडर’ (२००९) या किशोरांसाठीच्या कादंबरीत येतात, आणि ‘आफ्टरलाइफ’ (२०२०) मध्येही. ‘आफ्टरलाइफ’ची नायिका अंतोनिया डोमिनिकन वंशाची, निवृत्त प्राध्यापिका, नुकतीच विधवा झालेली. शेजारच्या गोठ्यातल्या मजुराची गरोदर प्रेयसी एस्तेला तिच्या आसऱ्याला येते. आता दार उघडायचे की नाही, हे एकेकाळच्या उपऱ्या माणसाने ठरवायचे आहे.

यावर कोणी म्हणेल, एस्तेलाचे मन इथे बाहेरूनच दिसते. खरे आहे. पण त्या मनात शिरल्याचा आव आणण्यापेक्षा अंतोनियाची चालढकल, तिचे हिशेबी औदार्य दाखवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. मजूर पुरवणाऱ्या देशाइतकाच त्यांना ठेवून घेणारा शेजारही या गोष्टीत गुंतलेला आहे.