माती किती खोल?

सोलापूरच्या कोरडवाहू शेतीवरच्या संशोधनाला सरकारी योजनेचा पैसा मिळाला तो 1933 साली. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही शेती आयोगानंतर 1929 मध्ये शेती संशोधनाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली होती. तिने सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक इथे कोरडवाहू शेतीची केंद्रे काढली. पुण्याजवळच्या मांजरीत 1923 पासून चाललेल्या कामाचा अनुभव गाठीशी होताच. त्यातून आकाराला आली ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’. बांधबंदिस्ती, काही वर्षांच्या अंतराने खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणे, दूरची पेरणी आणि पुन्हा पुन्हा कोळपणी, असे तिचे स्वरूप.

शास्त्र म्हणून त्यात खोट काढावी असे काही नव्हते. पण गावोगाव दिसले ते बांधच, आणि तेही 1942 च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर सरकारने हात लावला म्हणून. खोल नांगरटीला बैलांच्या जास्त जोड्या लागत, शेणखत गोठ्यात असेल तेवढेच. एवढी मेहनत करून वाढणारे उत्पन्न मात्र बेताचे. ज्याच्याकडे एकच जोडी, त्याने ते का करावे?

1930 च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर गावरान मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी 35-1’ हा वाण काढला गेला. त्याचा प्रचार भाकरीने केला आणि कडब्याने केला. पांढरा, टपोरा, चवीचा दाणा आणि जनावर आवडीने खाईल असा कडबा. खरिपात संकरित ज्वारी 1964 नंतर पसरली. रब्बीत मालदांडीने तिला सहसा उभे राहू दिले नाही. सोलापुरी शेतकरी नवे स्वीकारत नाही, हे आवडते सरकारी गाऱ्हाणे मला म्हणूनच पटत नाही. त्याला दाणा आणि वैरण दोन्ही हवे असते, एवढेच.

1970 नंतर अखिल भारतीय कोरडवाहू संशोधन प्रकल्पात सोलापूरचे केंद्र आले. रब्बी ज्वारीच्या आजच्या शिफारशी बारकाईने पाहाव्यात. पावसाळ्यात जमिनीत सारे पाडून पाणी जागच्या जागी मुरवायचे. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान पेरणी, तीही दोन चाड्यांच्या पाभरीने, म्हणजे बी आणि खत एकाच वेळी पडते. तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्यात पासाचे, आठव्यात दातेरी. हे शेवटचे मोलाचे: काळ्या रानाला भेगा पडू लागल्या की आतली ओल उडून जाते आणि दातेरी कोळपे त्या भेगा बुजवते. पीक जगते ते याच साठवलेल्या ओलीवर.

आता वाणही जमिनीच्या खोलीनुसार सांगतात: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. शिफारशी पोचण्याचे मात्र पीक पाहून ठरते. सोलापूरजवळच्या केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून आहे. डाळिंबाच्या मागे पैसा आणि बाजार असतो, त्यामुळे तिथली शिफारस बागेपर्यंत लवकर पोचते. कोरडवाहू ज्वारीला तसा वाली नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पुस्तिका कमी छापा. दोन चाड्यांची पाभर आणि दातेरी कोळपे गावात भाड्याने मिळतील अशी सोय करा. आणि शेतकरी मित्रहो, बियाणे घेण्याआधी रानात एक खड्डा खणून मातीची खोली मोजा. 30 सेंटीमीटरच्या आत मुरूम लागला, तर भारी जमिनीचा वाण दुकानातच राहू द्या.