झाकणाखालचा स्पंज

तार ते स्पीकर : लेखांक ११

माझ्या प्रिसिजन बेसवरचं काळं पिकगार्ड काढून मी एकदा शिंपल्यासारखं चमकणारं पांढरं बसवलं, आणि त्याच संध्याकाळी बेसचा आवाज उजळला. दोघा-तिघा मित्रांनाही तसंच वाटलं. आठवडाभराने डोक्यात प्रकाश पडला. पिकगार्ड उचलायचं तर तारा उतरवाव्या लागतात, आणि एकदा उतरवल्यावर त्याच मळक्या तारा परत कोण चढवतो? मी नव्या कोऱ्या चढवल्या होत्या. हात लागलाच आहे म्हणून पिकअपचे स्क्रूही थोडे फिरवले होते. आवाज बदलला होता यात शंका नाही, श्रेय मात्र प्लास्टिकच्या पत्र्याने खाल्लं.

मागच्या लेखात पाहिलं, की पिकअपला हवेतला आवाज ऐकू येत नाही. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज उमटते, त्याला कळतं ते एवढंच. तंबोऱ्यात भोपळा आणि तबली बोलतात; भरीव लाकडाच्या बेसला असं बोलणारं अंग नाही. म्हणून कुठलाही भाग आवाजात ढवळाढवळ करतो का, हे बघताना मी तीन जागा तपासतो : खुद्द तार, तारेची दोन टोकं, आणि चुंबकाभोवतीची बोट-दोन बोटं जागा. पिकगार्ड यांपैकी कुठेच लुडबुड करत नाही. १९५७ ते १९५९च्या सुमारास प्रिसिजनवर सोनेरी अ‍ॅल्युमिनियमचं पिकगार्ड असायचं. धातू असल्याने बाहेरची विजेची भुणभुण ते थोडी अडवायचं, पण ती गोष्ट वेगळी. नॉबच्या टोप्या, पट्टा अडकवायची बटणं, डोक्यावरचं नाव, सगळी नुसती शोभा. अंगावरचा रंग नायट्रोसेल्युलोजचा की पॉलिएस्टरचा, यावरून माणसं रात्र रात्र भांडतात. भांडोत बापडी. लेप महत्त्वाचा ठरतो तो तार त्यावर टेकते तेव्हा. बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या फ्रेट काढलेल्या जाझ बेसच्या पट्टीवर होड्यांना लावतात तो इपॉक्सी चढवला होता. तिथे बोटाखालची तार थेट त्या कडक थरावर दाबली जाते, त्यामुळे तो थर आवाजात उतरतो.

आता खऱ्या गमतीच्या भागाकडे. लिओ फेंडरने १९५१ साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस आणला. त्यावर क्रोमची दोन झाकणं असत : एक पिकअपवर, एक ब्रिजवर. मोटारीच्या बंपरसारखी लखलखीत. वादकांना ती हाताला अडचण वाटत, म्हणून बऱ्याच जणांनी ती काढून टाकली. ब्रिजच्या झाकणाला तर ‘अ‍ॅशट्रे’ असंच नाव पडलं. आज ती कोणी बसवलीच तर जुन्या दिसण्याच्या हौसेने.

पण ब्रिजचं झाकण उलटं करून पाहा. जुन्या बेसमध्ये आत स्पंजची पट्टी चिकटवलेली असे. झाकण बसलं की स्पंज तारांवर टेकायचा, सूर लवकर विझायचा आणि वरचे स्वरांश दबून ‘धप्प’ असा गोल ठोका यायचा. फेंडरच्या डोळ्यासमोर होता उभा डबल बेस, त्याच्यासारखा आखूड सूर हवा होता. झाकण काढणाऱ्याच्या बेसचा सूर लांबला, तो क्रोम गेल्यामुळे नव्हे, स्पंज गेल्यामुळे. तंबोऱ्याच्या घोडीवरचा सुताचा दोरा केसभर सरकवला की जवारी लागते किंवा जाते, हे आपल्याकडे कोणालाही पटतं. इथेही तोच न्याय आहे. वस्तू क्षुद्र असली तरी तारेला शिवते.

पिकअपवरचं झाकण तारेला शिवत नाही. ते हाताला शिवतं. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन आपला १९६२चा प्रिसिजन दोन्ही झाकणांसकट वाजवायचा : गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज, आणि उजव्या हाताची केवळ तर्जनी. बाकीची बोटं क्रोमच्या झाकणावर विसावलेली. म्हणजे तार कुठे छेडायची हे झाकणाने ठरवून टाकलं होतं. ब्रिजजवळ छेडली तर तार कडक, टणक बोलते. मानेकडे सरकलं तर भरीव आणि मऊ. चार-पाच सेंटीमीटरचा फरक डोळे मिटूनही कळतो. तेव्हा झाकणाने आवाज बदलतो का, या प्रश्नाला माझं उत्तर असं : वादक काढला तर जवळपास नाही, वादक धरला तर नक्की.

डोक्याकडच्या चाव्यांना मात्र ‘दिखाऊ’ म्हणून सोडून देऊ नका. लांब मान स्वतः थरथरते, आणि तिची थरथर एखाद्या सुराशी जुळली की तो सूर मुका पडतो. फेंडर पद्धतीच्या बेसवर सर्वांत बारीक जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास हा मुका सूर हमखास सापडतो. डोक्यावर वजन चिकटवा किंवा हलक्या चाव्या बसवा, तो जागा बदलतो. चाव्यांचा रंग सोनेरी असो वा काळा, हिशेब फक्त वजनाचा.

घरी बेस असेल तर भांडी घासायच्या स्पंजचा बोटभर तुकडा ब्रिजजवळ तारांखाली सरकवा. एकच ओळ स्पंजसह आणि स्पंजशिवाय, मग ब्रिजजवळ आणि मानेजवळ, अशी चार वेळा फोनवर टिपा. कुठली कोणती हे न सांगता घरच्यांना ऐकवा आणि त्यांनी काय ओळखलं ते मला कळवा. पुढच्या आठवड्यात डोक्याजवळ तारा टेकतात त्या नटवर येऊ. तो पितळी असला तरी त्याचा संबंध मोकळ्या तारेपुरताच असतो.